नववं कलम

आमची ओळख झाली ती माझ्या फजितीतून.

दुपारचे तीन वाजले असतील. सकाळपासून मी त्या गल्लीत घरं मोजत होते. हातात टेप, काखेत फायली, खांद्याला पिशवी, आणि पावसाची अशी भुरभुर की छत्री उघडावी तर लोक हसतील आणि मिटावी तर केस भिजतील. नऊ घरं झाली होती, पाच राहिली होती. पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. तेवढ्यात एका दुकानाच्या दारात, वळचणीखाली, एक देखणी खुर्ची दिसली. काळसर लाकडाची, वळणदार हातांची. मी कुणाला विचारलं नाही, खाली बघितलं नाही… सरळ बसले.

त्या खुर्चीला बैठकच नव्हती. नुसती चौकट!

पुढच्या क्षणी माझे गुडघे हनुवटीला टेकले होते, फायली रस्त्यावर गेल्या होत्या आणि मी त्या चौकटीत अशी रुतले होते की हलताही येईना.

"ती दुरुस्तीला आलीय," आतून एक शांत आवाज आला.

"दिसलं," मी म्हणाले.

"दिसलं असतं तर बसला नसतात."

तो बाहेर आला. उंच, किडकिडीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळे मात्र…

"हसा, हसा," मी चिडून म्हणाले. "कोंडून ठेवू नका, त्रास होईल."

"गिऱ्हाइकाला हसत नाही मी."

"मी गिऱ्हाईक नाही. नगरपालिकेतून आलेय."

"मग तर मुळीच हसणार नाही."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. मी धरले. हात गार होते, ओले होते. वेत भिजत घातलेल्या पाण्यातून तो तसाच उठून आला होता. एका झटक्यात मी उभी राहिले, आणि जरा जास्तच जवळ उभी राहिले. मग दोघांनाही एकदम फायली आठवल्या.

सगळ्यात वरची फाइल त्यानं सदऱ्याला पुसली आणि वाचली. "ऐतिहासिक वस्ती जतन योजना. म्हणजे आमची गल्ली ऐतिहासिक आहे?"

"दीडशे वर्षांची आहे."

"आणि छत गळतंय ते?"

"तेही ऐतिहासिकच असणार," मी म्हणाले. आणि तेव्हा तो हसला. मनमोकळं, मान मागे टाकून.

त्याचा धंदा वेताच्या खुर्च्या विणायचा. आजोबांपासूनचा. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यात तो आणि त्याची आई. घर भाड्याचं. गल्लीत सगळे त्याला वेतवाला म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यानं माझं नाव पाडलं मोजणीबाई.

मला नोकरीला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमचा विभाग म्हणजे नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन कपाटांच्या मध्ये टाकलेली दोन टेबलं. एक साहेबांचं, एक माझं. बाकी कुणी नाही. नगरपालिकेनं त्या वर्षी पहिल्यांदाच जुनी घरं नीट करायला निधी बाजूला काढला होता. एका वर्षी एक गल्ली. खर्चाचे सहा भाग नगरपालिकेचे, चार भाग घरमालकाचे. छप्पर, दर्शनी भिंती, सज्जे, खिडक्यांच्या झडपा, सगळं जसं होतं तसं उभं करायचं. फक्त एक होतं. आर्थिक वर्ष संपायच्या आत मालकांच्या सह्या होऊन ठराव मंजूर व्हायला हवा. नाही झाला तर निधी परत, आणि तो मग रस्त्यांच्या डांबरात जाणार.

गल्ली निवडायचं, मोजायचं, कागद करायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं होतं. माझी पहिली फाइल. मी तिला अगदी फुलासारखी जपत होते.

राहिलेली पाच घरं मोजायला मी दुसऱ्या दिवशी गेले. टेपचं एक टोक धरायला कुणीतरी लागतं. वेतवाला आपणहून येऊन उभा राहिला.

"हे धरा."

"आणि सोडलं तर?"

"तर माप चुकेल. उद्या पुन्हा यावं लागेल मला."

"अस्सं…" म्हणत त्यानं टोक सोडून दिलं. टेप सर्रकन येऊन माझ्या हातावर आपटली.

पाच घरांना आठ दिवस लागले. वरच्या खिडकीतून त्याची आई एकदा ओरडलीच, "अरे, ती मुलगी रोज आपलीच खिडकी मोजते का रे? वाढतेय की काय खिडकी?" मी लाजून टेप उलटी धरली.

मी ताईकडे राहायचे. ताईच्या नजरेतून काही सुटत नाही. "कोण आहे?" तिनं भाजी निवडता निवडता विचारलं.

"खुर्च्या विणतो."

"आणि तुझ्यासाठी काय करतो?"

"टेपचं टोक धरतो."

"नीट धरतो का?"

"मुद्दाम सोडतो," मी म्हणाले, आणि ताई इतकी हसली की भाजी खाली सांडली.

मोजणी संपली तरी माझी पावलं ऑफिस सुटल्यावर तिकडेच वळायची. तो विणत बसायचा, मी समोरच्या पेटीवर. एकदा त्यानं माझ्याकडून एक ओळ विणून घेतली. वेत पाण्यातून काढला की लगेच ओढायचा, वाळला की तो ऐकत नाही. मी ओढला तो तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला.

"घाई करतेस," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. "करता. घाई करता, म्हणायचं होतं मला."

"पहिलं म्हणालात ते बरं होतं," मी मान वर न करता म्हणाले.

"…मग तूसुद्धा तसंच म्हण."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे… बघ."

त्या संध्याकाळी तिसरा वेत तुटला नाही.

एक दिवस त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, "एक सांग. छप्पर होईल, भिंती होतील, गल्ली अगदी नव्या नवरीसारखी दिसेल. मग मालक म्हणेल, आता उठा. इथे जास्त भाडं देणारे मिळतात मला. मग?"

हा प्रश्न मला अपेक्षित होता. खरं तर मी त्याची वाटच बघत होते. पिशवीतून कराराचा मसुदा काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. "कलम नऊ वाच."

तो बोट ठेवून वाचू लागला. काम पूर्ण झाल्यापासून दहा वर्षं मालकाला भाडेकरू काढता येणार नाही, भाडंही वाढवता येणार नाही. वाढवलं तर अनुदान परत करावं लागेल.

"हे खरं आहे?"

"मी स्वतः लिहिलंय."

"तुझं अक्षर नाही हे. टाइप केलंय."

"शब्द माझे आहेत ना!"

तो माझ्याकडे बघत राहिला. बाहेर पागोळ्या गळत होत्या, रस्त्यावरून कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं. "मग झालं," तो म्हणाला. "तुझ्या शब्दावर जातो मी."

'जातो' म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. योजनेत राहणाऱ्यांचीही संमती लागत होती, कारण कामासाठी दुकानं चार महिने बंद ठेवायची होती. त्याचं धरून चौदा घरं. माझ्या एकटीच्या तोंडाकडे बघून कुणी सही केली नसती. वेतवाला माझ्याबरोबर निघाला. तेरा दारं. प्रत्येक दारात तो आधी बोलायचा आणि मी मागून कागद पुढे करायचे.

शिंपीकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "चार महिने मशीन बंद ठेवायचं म्हणजे थट्टा नाही. आणि परत आत घेतील याची काय हमी?"

"कलम नऊ आहे, काका."

"कलमबिलम मला कळत नाही. तू सांग. नक्की ना?"

"नक्की," तो म्हणाला.

"तू सांगतोस म्हणून करतो हो सही," काका म्हणाले, आणि त्यांनी कपडे बेतायच्या खडूनं भरलेल्या बोटांनी सही केली. त्या कागदावर अजून त्यांच्या अंगठ्याचा निळा डाग आहे.

वर्ष संपायला अकरा दिवस राहिले तेव्हा मालकांची सभा झाली. खालच्या मजल्यावरच्या सभागृहात, पंख्याखाली, चौदा घरांचे दहा मालक. त्यातल्या पाच घरांचा एकच मालक होता, वेतवाल्याचाही तोच. गोड बोलणारा, पांढऱ्या कपड्यांतला माणूस. त्यानं मसुदा नवव्या कलमापर्यंत वाचला आणि टेबलावर ठेवून दिला.

"चार भाग मी घालायचे आणि दहा वर्षं बघत बसायचं? मुली, घर माझं आहे की नगरपालिकेचं?"

मी समजावलं. साहेबांनी समजावलं. एकानंही सही केली नाही. चहाचे कप अर्धे तसेच सोडून मंडळी निघून गेली.

साहेब वाईट माणूस नव्हते. हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्यांनी मला समोर बसवलं आणि खूप वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

"मलाही पटत नाही," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी ही तरतूद राहील असं कुणी लिहून दिलंय? पैसे परत गेले की ही योजनाच बंद करतील. छपरं गळतच राहणार. एखाद्या पावसात एखादा सज्जा खाली येईल. आधी छप्पर तर होऊ दे. भाडेकरूंचं नंतर बघता येईल."

"पण मी लोकांना सांगितलंय, साहेब."

"मसुदा तुझा आहे. मी जबरदस्ती करणार नाही. तू ठरव."

ते जेवायला निघून गेले. मी एकटीच राहिले. समोर मसुदा होता, आणि फाइलवर पहिल्यांदाच माझ्या पदाचा शिक्का. मनात हिशेब मांडले… सांगितलं तर तेरा जण संमती काढून घेतील. संमती गेली की गल्ली गेली. आणि नाही सांगितलं तर निदान छप्पर होईल, वेतवाल्याच्या आईच्या डोक्यावर पाणी पडणार नाही. मालक तरी लगेच काय करणार आहेत? वर्ष-दोन वर्षं जातील. तोवर काहीतरी करू.

असं माणूस स्वतःला किती छान समजावतं!

मी नववं कलम खोडलं. दहावं होतं ते वर घेतलं, त्याला नऊ आकडा दिला. अनुक्रम नीट लागला. वाचणाऱ्याला काही गाळलंय असा संशयही आला नसता.

चौथ्या दिवशी सगळ्या सह्या झाल्या. आठव्या दिवशी ठराव मंजूर झाला. मी त्याला त्याच दिवशी सांगणार होते. खरंच सांगणार होते. वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

तो ऑफिसच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत उभा होता. नवा सदरा घातला होता, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला.

"मलाही एक सांगायचंय."

"मग तू आधी."

"नको, तू."

त्यानं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा आपल्या चपलांकडे. "आई म्हणत होती… म्हणजे आई नाही, मीच म्हणतोय. ही मोजणीबाई आपल्या घरी कायमचीच राहायला आली, तर काय हरकत आहे?"

पायऱ्यांवरून लोक उतरत होते, कुणीतरी आमच्याकडे बघून खाकरलं.

"हरकत आहे का?" त्यानं हळूच विचारलं.

"खिडकी मोजायची बाकी आहे अजून," मी म्हणाले. आणि रडू आणि हसू दोन्ही एकदमच आलं.

त्यानं माझा हात धरला. भर रस्त्यात, नगरपालिकेच्या दारात. मग आठवून म्हणाला, "तुझं काय होतं? तुला काय सांगायचं होतं?"

त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता… मला तो एक दिवस तरी तसाच राहू द्यायचा होता. एकच दिवस.

"काही नाही," मी म्हणाले. "ठराव मंजूर झाला, एवढंच."

तो एक दिवस मी पुढे आठ महिने लांबवला.

परांच्या बांधल्या गेल्या. भिंतींवरचं सिमेंट खरवडून काढलं आणि आत चुन्याचा जुना गिलावा निघाला, फिकट पिवळा, उन्हाळ्यातल्या सकाळसारखा. मी रोज कामावर देखरेखीला जायचे. वेतवाला गवंड्यांना पाणी द्यायचा, त्यांच्याशी वाद घालायचा आणि माझ्याकडे बघून एक भुवई उडवायचा. झडपांना कुठला हिरवा द्यायचा यावर आमचं चांगलंच भांडण झालं. त्याची आई म्हणाली, "लग्नाआधी एवढं भांडताय, मग लग्नानंतर बोलायला काही उरेल का?" ताईनं तारीखही काढून ठेवली, गल्लीचं काम संपलं की दोन महिन्यांनी.

रात्री अंथरुणावर पडलं की ते कलम आठवायचं. सकाळी त्याला बघितलं की वाटायचं, उद्या.

गल्लीचं उद्घाटन झालं. नगराध्यक्षांनी फीत कापली, भाषण केलं, माझंही कौतुक केलं. शिंपीकाका नव्या दारातून मशीन आत नेताना उंबऱ्याला हात लावून गेले. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत आम्ही दोघं मागे उभे होतो, गर्दीत, आणि तो कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

सहा आठवड्यांनी नोटिसा आल्या.

तो ऑफिसात आला तेव्हा मला कळलं नव्हतं. तो हसत हसतच आला. नोटीस टेबलावर टाकली, साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मालकाची कमाल बघ! भाडं तिप्पट, नाहीतर महिन्यात जागा सोडा म्हणतो. बाकीच्या मालकांनीही तेच केलंय, चौदाच्या चौदा जणांना नोटिसा आल्यात. या लोकांनी करार वाचलेलाच नाही. कलम नऊची एक प्रत दे. आत्ता जाऊन तोंडावर टाकतो."

मी उठले. कपाट उघडलं. फाइल काढून त्याच्या हातात दिली.

त्यानं पानं उलटली. बोट ठेवून वाचलं: दुकानांच्या पाट्या लाकडी व एकसारख्या आकाराच्या असाव्यात. त्याला वाटलं, चुकीचं पान आहे. पुढचं कलम वाचलं. त्याच्या पुढचं वाचलं. मग शेवटपर्यंत गेला आणि परत पहिल्या पानावर आला. त्याचं हसू हळूहळू कमी होत गेलं, ते मी बघत होते.

"कधी?" त्यानं विचारलं.

"ठरावाच्या आधी. मालक सही करत नव्हते. निधी परत गेला असता. मला वाटलं…"

"म्हणजे मी पायऱ्यांवर उभा होतो त्या दिवशी…"

"हो."

"तुला सांगायचं होतं ते हेच?"

"हो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता फाइलच्या दोऱ्याशी चाळा करत राहिला.

"जागेचं एक वेळ सोड," तो म्हणाला. "जागा दुसरी बघता येते. पण तेरा दारांत मी गेलो होतो. शिंपीकाकांनी तुला नव्हतं विचारलं, मला विचारलं होतं. नक्की ना, म्हणून. आता मी त्यांना काय सांगू?"

"मी सांगते. मी जाते त्यांच्याकडे…"

"मला तू त्या दिवशी सांगितलं असतंस ना, तर मीच म्हणालो असतो, जाऊ दे निधी. किंवा कदाचित म्हणालो असतो, गाळ ते कलम, आधी छप्पर होऊ दे. काय म्हणालो असतो, ते आता कळायचं नाही."

तो उठला. नोटिशीची घडी करून खिशात घातली. दारात थांबून म्हणाला, "प्रत नको, मॅडम."

मी गेले तेरा दारांत. एकटी. प्रत्येक दारात तेच सांगितलं: कलम मी गाळलं, त्याला माहीत नव्हतं, त्याच्यावर राग धरू नका. कुणी दार लावून घेतलं. कुणी असं बोललं की ते अजून कानात आहे. शिंपीकाकांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मशीन चालवत राहिले. मी उठेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. साहेबांनी वकिलांना विचारलं, मालकांना पत्रं लिहिली. करारात जे नव्हतं, ते कुणाला दाखवता येणार होतं?

तीन महिन्यांत गल्ली रिकामी झाली. आता तिथे कॉफी मिळते, महागडे दिवे मिळतात, भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तू मिळतात. लोक हिरव्या झडपांसमोर उभं राहून फोटो काढतात. फार सुंदर दिसते गल्ली. मी ऑफिसला दुसऱ्या रस्त्यानं जाते.

ताईनं काढलेली तारीख आली आणि गेली. त्या दिवशी ती मला म्हणाली, "त्याला भेट तरी."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा," ताई म्हणाली. "दुसरं कुठून आणणारेस?"

पण मी गेले नाही. मला रिकाम्या हातानं जायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी दुसरी गल्ली निवडली. मसुद्यात नववं कलम मी पुन्हा घातलं. मालकांनी सही केली नाही. साहेबांनी टोपण काढलं-घातलं. या वेळी मी गाळलं नाही. वर्ष संपलं, निधी परत गेला, आणि एका रस्त्यावर मस्त डांबर पडलं. ऑफिसात लोक मला बघून म्हणायचे, "या, डांबरवाल्या मॅडम!" त्याच्या पुढच्या वर्षी मी आधी भाडेकरूंना एकत्र बसवलं, मग मालकांना, मग दोघांना एकमेकांसमोर. सात महिने घासाघीस चालली. शेवटी दहा वर्षांची सात झाली, पण कलम राहिलं. सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर झाला तेव्हा साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्या ठरावाची प्रत घेऊन मी त्याच्याकडे गेले.

शहराच्या टोकाला, जिथे बसगाड्या धुतात त्या मैदानाच्या पलीकडे, पत्र्याची एक शेड होती. त्यात एका बाजूला विणकाम, दुसऱ्या बाजूला पडदा लावून संसार. दार त्याच्या आईनं उघडलं. थकली होती. क्षणभर तिनं मला ओळखलं नाही असं वाटलं. मग म्हणाली, "आलीस? ये." पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि पडद्यामागे निघून गेली.

तो तसाच होता. फक्त कानाजवळ दोन पांढरे केस आणि बोलण्यात एक सबुरी.

मी प्रत पुढे केली. त्यानं हात पुसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नवव्या कलमापाशी थांबला, पण तिथेच संपवलं नाही; पुढची कलमं वाचली, सह्या वाचल्या, शिक्का उजेडात धरून बघितला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "किती घरं?"

"एकोणीस."

"एकोणीस घरं… फार चांगलं झालं."

पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. मला जे बोलायचं होतं ते दोन वर्षं साठलेलं होतं, आणि आता एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"तू रागावला आहेस अजून?"

"नाही गं. राग केव्हाच गेला. शिंपीकाकाही परवा येऊन गेले, त्यांनी बाजाराजवळ जागा घेतलीय."

"मग?"

त्यानं प्रत माझ्याकडे परत दिली. "आत्ता बघितलंस ना, मी कसं वाचलं ते? शेवटच्या सहीपर्यंत. तू दारात उभी राहिलीस तेव्हा मला इतका आनंद झाला, काय सांगू! आणि तू कागद दिलास तर मी शिक्का तपासत बसलो. मुद्दाम नाही. हात आपोआप गेला."

"तपासत जा. मी दाखवत जाईन. आयुष्यभर दाखवीन."

"दाखवशील. माहीत आहे मला." त्याचा आवाज अगदी मऊ होता. "पण घरात असं नसतं. तू सहज म्हणशील, आज उशीर होईल मला, आणि मी ते पडताळून बघेन. मला तसा नवरा व्हायचं नाही. तुझा तर नाहीच नाही."

"मी फक्त एक दिवस थांबले होते," मी म्हणाले. "तुला एक दिवस आनंदात बघायचं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मीही होतो आनंदात. तो दिवस खोटा नव्हता. एवढं मात्र तू लक्षात ठेव."

निघताना आई पडद्यामागून आली नाही. तो छत्री घेऊन थांब्यापर्यंत सोडायला आला. छत्री लहान होती, दोघांचे एकेक खांदे भिजत होते. थांब्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आम्ही बोललो ते किरकोळच: ताईच्या मुलाची शाळा, साहेबांची निवृत्ती, इथे पाणी किती वेळ येतं.

बस आली. मी हात केला नाही. त्यानंही केला नाही. ड्रायव्हरनं वेग कमी करून आमच्याकडे बघितलं आणि बस पुढे नेली. आम्ही दोघं त्या बसकडे बघत राहिलो, ती वळणापलीकडे गेली तरी. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. त्यालाही कदाचित तसंच वाटलं असेल.

वीस मिनिटांनी दुसरी आली. तिच्यासाठी हात त्यानं केला.